आठव्या नसेला मिळतं, मग पाचव्या नसेला का नाही?

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या महिन्यात चार दिवस एक वाद चालला होता. कुणीतरी फोनवर चित्रफीत पाठवली होती. तिच्यात कपाळाच्या कातडीखाली बारीक तारा होत्या, छातीत काडेपेटीएवढं यंत्र होतं आणि वर्षानुवर्षं डोकं धरून बसणारा एक माणूस आता हसत होता. लगेच दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, विज्ञानाची कमाल झाली, आता डोकेदुखी कायमची गेली. दुसरी बाजू म्हणाली, ही मोठ्या दवाखान्यांची नवी लूट आहे, माणसाच्या डोक्यात करंट सोडतात आणि पाच-सहा लाख उकळतात. ज्येष्ठांपैकी एकांनी सांगितलं की आमच्या आईनं असलं दुखणं तीस वर्षं काढलं, यंत्राबिंत्राची गरज पडली नाही. चार दिवसांत नेमकं कुठलं दुखणं, कुठली नस, आधी काय करून पाहिलं, हे कुणी विचारलं नाही. यंत्र बसवल्यानंतर पुढे काय, हेही कुणाच्या मनात आलं नाही.

दसरा चौकापासून जवळ माझं औषधाचं दुकान आहे. एकतीस वर्षं या काउंटरवर उभा आहे, आणि चेहऱ्याच्या दुखण्याचे रुग्ण मला दुरून ओळखू येतात. ते पदराने किंवा मफलरने एक गाल झाकून येतात, कमी बोलतात, चिठ्ठी नुसती पुढे करतात. त्यांच्या वतीने मला जे वाटतं ते सुरुवातीलाच सांगतो. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या काही मोजक्या वेदना दुसऱ्या कुठल्याच उपचाराला जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी नसेला विजेचे सौम्य झटके देणारी ही यंत्रं खरोखर उपयोगी आहेत आणि ती सरकारी योजनेतून गरिबाला मिळाली पाहिजेत. पण बसवल्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांची जबाबदारी लेखी ठरल्याशिवाय त्यातलं एकही यंत्र कुणाच्या अंगात जाऊ नये. या दोन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. पहिली एकटी केली तर ती विक्रेत्याची भाषा होते, आणि दुसरी एकटी केली तर रुग्णाला दारातून परत पाठवायचं निमित्त.

आधी नसेचा घोटाळा निस्तरू. आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि संवेदना वाहून नेणाऱ्या धाग्यालाही नसच म्हणतात. त्यात ‘चेहऱ्याची नस’ म्हटलं की माणसाला तोंड वाकडं होणं आठवतं. तोंड वाकडं होतं ते मेंदूतून निघणाऱ्या सातव्या नसेमुळे, जी चेहऱ्याचे स्नायू हलवते. दुखणं पोचवणारी नस पाचवी, तिला ट्रायजेमिनल म्हणतात. तिच्या तीन फांद्या: एक कपाळ-डोळ्याकडे, दुसरी गालाकडे, तिसरी खालच्या जबड्याकडे. ही नस बिघडली की वारा लागला, घास चावला, चूळ भरली, दाढीचं पातं फिरलं, एवढ्यावरून विजेसारखी कळ जाते. काही सेकंदांची कळ, फार तर दोन मिनिटांची, पण दिवसातून कितीही वेळा. कागलकडच्या एक मावशी माझ्याकडे यायच्या. ‘दादा, वीज चमकल्यागत हुतंय बघा,’ एवढंच म्हणायच्या आणि तेही ओठ फारसे न हलवता. भाकरी दुधात कुस्करून गिळायच्या. माझ्याकडे येईपर्यंत त्यांच्या तीन दाढा काढून झाल्या होत्या, आणि तिन्ही चांगल्या होत्या. जबड्यात कळ येते म्हणून दात काढायचा, कळ तशीच राहते म्हणून शेजारचा काढायचा, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता अशी चिठ्ठी दिसली की मी स्वतःच विचारतो, किती दाढा काढल्या?

या मावशींना यंत्र लागलं नाही, आणि हे यंत्राच्या भक्तांनी नीट ऐकावं. या आजारावर १९६२ पासून कार्बामाझेपिन ही गोळी वापरात आहे. मुळात ती फिटची गोळी. बहुतेकांना ती सुरुवातीला चांगला आराम देते. काहींना पुढे गुंगी येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरतं, अंगावर पुरळ उठतं. मावशींना सोडियमचा त्रास झाला. एमआरआयमध्ये दिसलं की मेंदूच्या बुंध्याशी एक रक्तवाहिनी त्या पाचव्या नसेवर टेकून बसली आहे. म्हणजे आपल्या बोलीत, नसेवरच नस. शस्त्रक्रिया करून दोन्हींच्या मध्ये छोटी गादी ठेवली आणि कळा थांबल्या. ही शस्त्रक्रिया पीटर जॅनेटा या अमेरिकन शल्यविशारदाने रुळवली. त्यांच्या ११८५ रुग्णांचा आढावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण उत्तम स्थितीत होते. ज्या दुखण्याला असा मार्ग आहे तिथे विजेचं यंत्र पुढे करणं चूकच. मावशी आता भाकरी चावून खातात.

मग यंत्र कुणासाठी? अपघातात, शस्त्रक्रियेत किंवा नागिणीत ज्यांची नस जखमी झाली आणि जखम भरल्यावरही आग उरली, त्यांच्यासाठी. त्यांची वेदना चमकून जात नाही, ती दिवसभर जळत राहते. तिथे सोडवायला कुठली रक्तवाहिनी नसते. आणि क्लस्टर डोकेदुखीच्या जुनाट रुग्णांसाठी. यात एकाच डोळ्याभोवती पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत असह्य कळ, त्या बाजूचा डोळा लाल, नाक वाहतं, आणि माणूस पडून राहू शकत नाही, खोलीत येरझाऱ्या घालतो. दिवसात आठ वेळाही हे होऊ शकतं. जुनाट प्रकारात वर्षभरात सलग तीन महिन्यांची सुट्टीसुद्धा मिळत नाही. अशांमध्ये तार बहुतेकदा डोक्याच्या मागे, मानेच्या वर बसवतात. दुखतं डोळ्याला आणि तार मागे का? कारण मानेच्या वरच्या नसा आणि पाचवी नस मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एका वाटेवरची ये-जा दुसऱ्या वाटेवर परिणाम करते.

ही कल्पना काल-परवाची नाही. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस हा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा मासा कपाळाला लावायला सांगे. पण त्याला मी पुरावा मानत नाही; जुनं म्हणून खरं, हा तर्क आपल्याकडे आधीच फार माजला आहे. खरा पाया १९६५ चा. मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेसाठी जणू एक दरवाजा आहे, आणि स्पर्शाच्या जाड धाग्यांतून संदेश गेले की तो काही अंशी मिटतो. लागल्याजागी आपण हात का चोळतो, याचं उत्तर त्यात होतं. १९६७ मध्ये वॉल आणि स्वीट यांनी ते तपासलं, आणि पहिल्या सुया स्वतःच्याच गालातल्या नसेजवळ टोचून घेतल्या. मग आठ रुग्ण. त्यांतल्या चौघांना दोन मिनिटांच्या झटक्यांनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ वेदना नव्हती. चार जण म्हणजे फार नाहीत, पण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आता विरोधकांचा सर्वांत मजबूत मुद्दा घेतो, कारण तो आमच्या वादात कुणी मांडलाच नाही. यंत्राची परीक्षा घ्यायची तर काहींना खरं यंत्र आणि काहींना नुसतं नावाचं यंत्र द्यायला हवं. पण खऱ्या यंत्राने मुंग्या येतात, नावाच्याने येत नाहीत; रुग्णाला लगेच कळतं. म्हणून जुनाट क्लस्टरवरच्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत (निकाल २०२१ चा) १३१ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एकाला शंभर टक्के तीव्रतेचा प्रवाह, दुसऱ्याला तीस टक्के. आठवड्याला डोकेदुखीचे सरासरी पावणेसोळा झटके होते, ते साडेसातच्या आत आले. पण दोन्ही गटांत सारखेच. विरोधक विचारतील: कमी-जास्त विजेने फरकच पडत नसेल, तर फरक विजेने पडला कशावरून? प्रश्न योग्य आहे. माणसाला मिळालेली आशा, डॉक्टरांचं लक्ष, आजाराचा आपोआप होणारा चढउतार, यातलं काहीही कारण असू शकतं, आणि ही चाचणी ते पुरतं वगळू शकत नाही. हे मी मान्य करतो.

तरीही ‘म्हणून हे थोतांड’ हा निष्कर्ष मला दोन कारणांनी पटत नाही. तीस टक्के म्हणजे शून्य नव्हे. अर्ध्या गोळीनेही ताप उतरला तर कुणी गोळी निकामी ठरवत नाही, अर्धी पुरते का ते पाहतो. दुसरं असं की टाळूच्या वर, नाकामागे असलेल्या एका नसगाठीला झटके देणाऱ्या यंत्राची चाचणी नावाच्या झटक्यांशी तुलना करूनच झाली, आणि तुलनेच्या गटालाही कातडीवर मुंग्या आणणारे झटके दिले होते. २०१९ मध्ये निकाल आले. डोकेदुखीच्या ज्या झटक्यांत पंधरा मिनिटांत आराम पडला त्यांचं प्रमाण खऱ्या गटात सुमारे ६२ टक्के, नावाच्या गटात ३९. या ३९ टक्क्यांतून आशेचा वाटा केवढा असतो तेही दिसतं आणि आशेपलीकडे काहीतरी शिल्लक राहतं हेही. आणखी एक विचारतो. मावशींची जी शस्त्रक्रिया झाली, तिची तरी कवटी उघडल्याचं नाटक करून कुणी परीक्षा घेतली आहे का? नाही. तिच्यामागे हजारो रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, आणि त्यावर आपण विश्वास ठेवतो. मग दोन उपचारांना दोन वेगळी मापं कशी लावायची?

दुसरा आक्षेप पैशाचा. गावच्या आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस वेळेवर मिळत नसताना लाखोंच्या तारा कुणाच्या डोक्यात घालायच्या? याला अर्धं उत्तर माझ्याच दुकानातून देतो. क्लस्टरच्या झटक्याला शुद्ध ऑक्सिजन उतरवतो. मिनिटाला बारा लिटर, पंधरा मिनिटं, पिशवीच्या मास्कने. २००९ च्या चाचणीत ऑक्सिजनने ७८ टक्के झटक्यांत आराम पडला, साध्या हवेने २० टक्के. यापेक्षा स्वस्त काय आहे? तरीही ऑक्सिजनची चिठ्ठी घेऊन आलेला क्लस्टरचा रुग्ण मला क्वचितच भेटतो. कोरोनात घेतलेला, हवेतून ऑक्सिजन काढणारा पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर काही जण वापरून बघतात आणि ‘ऑक्सिजननं काय होत नाही’ असं ठरवतात. पाच लिटरने होणारच नाही, त्याला सिलिंडर लागतं. म्हणून मी म्हणतो, ऑक्सिजन, व्हेरापामिलची गोळी, सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन, हे सगळं नीट, पुरेशा मात्रेत करून झालं नसेल तर यंत्राचं नावसुद्धा काढू नये.

पण त्या पायऱ्या चढून झालेल्या माणसाला काय सांगायचं? तुझी वेदना खरी आहे, पण महाग आहे? इथे मला आपल्याच देशातलं एक उदाहरण आठवतं आणि त्यावर मी पुन्हा पुन्हा येतो. जन्मतः बहिऱ्या बालकांना कॉक्लिअर इम्प्लांट देण्यासाठी केंद्र सरकारच्या, अपंगांना साधनं देणाऱ्या एडिप योजनेत २०१४ च्या सुधारित नियमांनी एका बालकामागे ६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली. कॉक्लिअर इम्प्लांट म्हणजे काय? कानाच्या शंखात घातलेली तार, जी ऐकण्याच्या आठव्या नसेला विजेचे झटके देते. तेही अंगात बसवलेलं यंत्र, त्यालाही बाहेरून ऊर्जा आणि देखभाल लागते. कुणी म्हटलं का, डोक्यात करंट सोडतात? सरकारने शस्त्रक्रियेबरोबर नंतरच्या प्रशिक्षणाचाही खर्च धरला, कारण यंत्र बसलं म्हणजे मूल ऐकायला लागलं असं होत नाही. कुणी म्हणेल, बाळाचं बोलणं आणि मोठ्या माणसाची वेदना यांची तुलना कशी? बाळाचं पारडं जड आहे, मान्य. पण दिवसातून आठ वेळा भिंतीवर डोकं आपटणारा तिशीतला माणूस नोकरी सोडतो, त्याच्या घरातलं मूल शाळा सोडतं. तो खर्च कुणाच्या वहीत मांडायचा? आठव्या नसेसाठी जी समज दाखवली, ती पाचवीसाठी दाखवायला तत्त्वतः अडचण कसली आहे?

‘आमच्या आईनं सोसलं’ या वाक्यालाही उत्तर द्यायला हवं, कारण ते प्रेमाने म्हटलं जातं. तालमीच्या या गावात सोसण्याला मान आहे. पण मैदानात मार सोसणारा पैलवान कुस्ती संपली की बाहेर येतो. या आजाराला बाहेर यायची वाट नसते. १८४७ मध्ये जेम्स सिम्प्सनने बाळंतिणीला क्लोरोफॉर्मची भूल दिली, तेव्हाही कळा सोसणं हा निसर्गाचा नियम आहे असं सांगणारे होतेच. त्याच क्लोरोफॉर्मचा पुढचा इतिहास मात्र दोन्ही तटांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८८८-८९ मध्ये क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित हे तपासायला निजामाच्या पैशाने हैदराबादेत दोन आयोग बसले. एडवर्ड लॉरी हे तिथले सर्जन ठामपणे सांगत होते की श्वासावर लक्ष ठेवलं तर क्लोरोफॉर्म हृदयाला धोका देत नाही. आयोगाने तेच ठरवलं. १९११ मध्ये लेव्ही या डॉक्टरांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मने हृदय थेट बंद पडू शकतं. औषध खरं होतं, उपकारक होतं, आणि जीवही घेत होतं. ‘वरदान की विष’ असा वाद घालण्यात वीस-बावीस वर्षं गेली. या सगळ्या काळात भूल दिलेल्या प्रत्येक रुग्णाचं काय झालं, याची प्रामाणिक नोंदवही कुणी ठेवली असती, तर?

ही नोंदवही मला इतकी महत्त्वाची का वाटते? त्या नाकामागच्या नसगाठीच्या यंत्राचं पुढे काय झालं, ते त्याचं कारण आहे. चाचणीचा निकाल चांगला आला आणि त्याच वर्षी ते बनवणारी अमेरिकन कंपनी बंद पडली. सातशेहून अधिक माणसांच्या गालाच्या आत ते यंत्र बसलेलं होतं. ते चालवणारा रिमोट बिघडला की दुसरा नाही, सॉफ्टवेअर नाही, बॅटरी नाही. ज्यांची वेदना थांबली होती त्यांना ती परत येताना पाहावी लागली. उद्यमनगरातला आपला कारखानदार साधा लेथ घेतानासुद्धा विचारतो: पार्ट कुठे मिळतील? सर्व्हिसला कोण येणार? कंपनी गुंडाळली तर? लोखंडाच्या यंत्राला विचारतो ते प्रश्न आपण माणसाच्या डोक्यातल्या यंत्राला का विचारत नाही? एएसआर नावाचे कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभरातून परत घेतले गेले. भारतात त्यांच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या, आणि नुकसानभरपाईसाठी इथले रुग्ण त्यानंतर वर्षानुवर्षं भांडत राहिले. कोणाच्या अंगात काय बसवलं, याची एकत्र यादी असती तर ते भांडण तरी सोपं झालं असतं.

सरकारला हे जमत नाही, असं म्हणू नका. फेब्रुवारी २०१७ मध्ये हृदयाच्या औषधवेष्टित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, तेव्हाही कंपन्या देश सोडून जातील अशी हाकाटी झाली होती. स्टेंट आजही बसतात. तार, यंत्र आणि बॅटरी यांचंही तसंच करता येईल. महात्मा जोतीराव फुले योजनेची अडचण वेगळी आहे. तिची घडण पॅकेजची: शस्त्रक्रिया, मुक्काम, ठरावीक मुदतीचा पाठपुरावा आणि खातं बंद. जिथे तार सरकते, जखम पिकते, काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते, प्रवाह पुन्हा पुन्हा जुळवावा लागतो, पुढे एमआरआय करायची वेळ आली तर यंत्र आड येतं, तिथे खातं बंद कसं करणार? योजनेत हे यंत्र आणायचंच तर पैसे हप्त्याने द्या: काही बसवताना, उरलेले वर्षावर्षाने, यंत्र चालू आणि रुग्ण बरा असेल तरच. सुट्या भागांचा साठा आणि सॉफ्टवेअर सरकारी संस्थेकडे ठेव म्हणून राहू दे. तात्पुरत्या तारेची चाचणी सक्तीची करा. आठवडाभरात वेदना निम्मी झाली नाही तर पुढे जायचंच नाही. आणि यंत्र जुळवण्याचं काम शिकलेला एक तरी माणूस कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात नेमा. प्रवाह थोडा कमी-जास्त करायला रुग्णाने दर वेळी सव्वादोनशे किलोमीटरवरच्या पुण्याला का जावं?

माझ्याकडे येणारा एक तरुण आहे, उसाच्या ट्रॅक्टरखाली सापडून त्याच्या गालाचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, नस नाही. सहा वर्षं डावा गाल जळतो आहे. गोळ्यांची प्रत्येक पायरी त्याने माझ्या काउंटरवरून चढली आहे. पुण्यात आठवडाभर त्याला तात्पुरती तार लावली होती. परत आला तेव्हा दाढी केलेली होती, दोन्ही गालांची, मी ती सहा वर्षांत पहिल्यांदा पाहिली. तार आता काढली आहे आणि गाल पुन्हा झाकलेला आहे. कायमचं यंत्र घ्यायला घरच्यांनी जमिनीचा तुकडा काढायची तयारी केली आहे. मी त्याला विक्रेत्याकडे एकच गोष्ट लेखी मागायला लावली: दहा वर्षांनी हे यंत्र कोण सांभाळणार, आणि तुम्ही नसलात तर कोण? पत्र जाऊन सात आठवडे झाले. तो दर शनिवारी दुकानात येतो, गोळ्या घेतो आणि काही आलं का ते मी त्याला विचारतो. अजून आलेलं नाही.